संगणकीय नोंदवही आणि लुप्त नोंदींचा शोध

संगणकावर एखादी आज्ञावली चालू असताना तिच्यात घडणाऱ्या घटनांचे जे कालानुक्रमी टिपण ती आज्ञावली स्वतःच करीत जाते, त्याला संगणकीय नोंदवही किंवा लॉग असे म्हणतात. काम केव्हा सुरू झाले, कोणती फाइल उघडली, कोठे चूक झाली, काम केव्हा संपले इ. गोष्टी तीत वेळेसह नोंदल्या जातात. ज्या आज्ञावलीचा वापरणाऱ्याशी होणारा व्यवहार चित्रे वा खिडक्या यांच्या द्वारे न होता केवळ मजकुराच्या ओळींतून होतो, तिला कन्सोल आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावलीच्या अंतर्भागात काय चालले आहे, हे जाणण्याचे नोंदवही हे प्रमुख साधन होय. त्यामुळे आज्ञावली चालू असूनही अपेक्षित नोंदी उमटत नाहीत, तेव्हा मूलभूत प्रश्न उभा राहतो : घटना घडलीच नाही, की ती घडली पण तिची नोंद वाटेत हरवली? या दोन्ही स्थिती बाहेरून सारख्याच दिसतात. पहिली समजून दुसरीकडे दुर्लक्ष केल्यास दोषाचा शोध भलत्याच ठिकाणी घेतला जातो. घटना आणि तिची नोंद यांच्या दरम्यान एकेक टप्पा कसकसा वाढत गेला, हे नोंदवहीच्या इतिहासावरून कळते आणि नोंद कोठे कोठे हरवू शकते, याचा उलगडाही त्यातूनच होतो.

पूर्वपीठिका : ‘लॉग’ ही संज्ञा नौकानयनातून आलेली आहे. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा ठोकळा जहाजाच्या मागील बाजूने पाण्यात सोडीत. दोरीला ठराविक अंतरांवर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटत, त्यांवरून वेग ठरवीत. या पद्धतीचे वर्णन विल्यम बोर्न या इंग्रज लेखकांनी १५७४ मध्ये केलेले आढळते. नॉट (गाठ) हे जहाजाच्या वेगाचे एकक याच दोरीवरून रूढ झाले. वेगाचे आकडे ज्या वहीत उतरवीत, तिला ओंडक्याची वही अशा अर्थाचे नाव मिळाले. पुढे वारा, हवामान, दिशा, अपघात यांच्या नोंदीही तीत होऊ लागल्या आणि मूळ ठोकळा मागे पडून शब्द वहीला चिकटला.

प्रारंभीच्या संगणकांच्या चालकांनी हीच प्रथा उचलली. हार्व्हर्ड विद्यापीठात तयार झालेल्या मार्क–२ या विद्युत् यांत्रिक संगणकाच्या वहीत ९ सप्टेंबर १९४७ या तारखेच्या पानावर, यंत्राच्या एका रिलेमध्ये सापडलेला पतंग चिकटपट्टीने लावून ठेवलेला आहे. यंत्रातील दोषाला बग (किडा) म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीपासूनच होती. खराच किडा सापडल्यामुळे चालकांनी तो गमतीने जपून ठेवला. ग्रेस हॉपर यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितल्यामुळे ती प्रसिद्धी पावली. वहीचे ते पान वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे. ही वही माणसाच्या हातची होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नोंद करणारा यंत्राच्या बाहेर होता. यंत्र बंद पडले, तरी वही बंद पडत नसे.

नोंद करण्याचे काम यंत्राकडे : केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. आज्ञावली लिहिण्याइतकेच तिच्यातील चुका शोधण्याचे काम कष्टाचे आहे, हे तेथील संशोधकांना लवकरच कळून आले. स्टॅन्ली गिल यांनी एडसॅकवरील आज्ञावल्यांतील चुकांच्या निदानाविषयी १९५१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दोन मार्ग दिसतात. आज्ञावली थांबल्यानंतर स्मृतीतील मजकूर छापून पाहणे हा एक. मूळ आज्ञावली दुसऱ्या एका तपासणी आज्ञावलीच्या देखरेखीखाली सावकाश चालवून, प्रत्येक आज्ञा पार पडताच तिचे अक्षर दूरमुद्रकावर छापणे हा दुसरा. पहिला मार्ग शवपरीक्षेसारखा, तर दुसरा रोग्याच्या नाडीवर बोट ठेवण्यासारखा होता. दुसऱ्या मार्गातून आजची नोंदवही विकसित झाली. मात्र त्यामुळे नोंद करणारा आणि जिची नोंद व्हावयाची ती आज्ञावली, हे दोघेही एकाच यंत्रात आले. एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधू लागला.

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकश्रेणीत चालकाचे नियंत्रणपीठ म्हणजे कन्सोल हे प्रामुख्याने टंकलेखन यंत्राच्या स्वरूपाचे होते. संगणकाचे संदेश व चालकाच्या आज्ञा त्यावरील कागदावर क्रमाने उमटत. कागदावर उमटलेली ओळ परत घेता येत नसल्याने संवाद आणि नोंदवही या दोन गोष्टी एकच होत्या. पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली, तेव्हा या दोहोंची फारकत झाली. पडद्यावरील ओळी वर सरकून नाहीशा होऊ लागल्या व त्या जपून ठेवण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करावी लागली.

दोन प्रवाह : बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स या परिचालन प्रणालीत आज्ञावलीच्या निर्गत मजकुराला प्रवाहाचे रूप देण्यात आले. हा प्रवाह पडद्याकडे, फाइलीकडे किंवा डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेनुसार १९७३ मध्ये आलेल्या ‘पाइप’ या सोयीमुळे थेट दुसऱ्या आज्ञावलीकडे वळविता येऊ लागला. मात्र चुकांचे संदेशही त्याच प्रवाहातून वाहत असल्याने ते भलतीकडे जात. बेल प्रयोगशाळेतील स्टीव्हन जॉन्सन यांनी याविषयीची एक आठवण सांगितली आहे. तेथे प्रकाशाक्षर जुळणीचे यंत्र होते. त्यातून निघालेली कागदाची लांब पट्टी रसायनाच्या यंत्रातून काही मिनिटे फिरवावी लागे. एके दिवशी अनेकांनी हे सोपस्कार केले, तेव्हा त्यांच्या हाती आलेल्या पट्टीवर सुबक अक्षरांत एकच ओळ होती, ती म्हणजे फाइल उघडता आली नाही ही. जिवंत माणसाला तत्काळ कळावयास हवा असलेला संदेश मुद्रणासाठी रवाना झाला होता. या तक्रारींनंतर चुकांच्या संदेशांसाठी प्रमाण त्रुटिप्रवाह हा वेगळा प्रवाह निर्माण करण्यात आला.

या सुधारणेने जुनी अडचण गेली, पण नवी आली. आज्ञावलीचा निर्गत मजकूर फाइलीकडे वळविण्याची साधी खूण केवळ प्रमाण निर्गत प्रवाहच वळविते, त्रुटिप्रवाह पडद्यावरच राहतो. अनेक नोंदलेखन साधने नोंदी त्रुटिप्रवाहात सोडतात. त्यामुळे फाइल कोरी पाहून नोंदी झाल्याच नाहीत असा समज होतो, वस्तुतः त्या दुसऱ्या वाटेने गेलेल्या असतात.

बफर : लुप्त नोंदींचे सर्वांत फसवे कारण म्हणजे बफर, म्हणजेच मजकूर साठवून ठेवण्याची तात्पुरती जागा, होय. प्रत्येक अक्षरासाठी परिचालन प्रणालीला साद घालणे वेळखाऊ असते. म्हणून मजकूर स्मृतीत साठवून तो एकदम बाहेर पाठविणे सोयीचे ठरते. माइक लेस्क यांच्या आदान–प्रदान संग्रहावरून रिची यांनी सी या भाषेचा प्रमाण आदान–प्रदान संग्रह रचला व १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्याचा प्रसार झाला. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकाने याविषयीचा नियम निश्चित केला. त्रुटिप्रवाह पूर्णपणे साठवून ठेवावयाचा नाही. निर्गत प्रवाह मात्र समोर संवादी साधन नाही, असे निश्चित कळल्यास पूर्णपणे साठवावयाचा. व्यवहारात पडद्यावर प्रत्येक ओळ पूर्ण होताच दिसते, पण तीच आज्ञावली फाइलीकडे किंवा पाइपकडे वळविली की ओळी बफर भरेपर्यंत अडकून राहतात.

याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादी आज्ञावली दर सेकंदाला ५० बाइटांची एक ओळ लिहीत आहे आणि बफर ४,०९६ बाइटांचा आहे, असे मानू. तिचा निर्गत प्रवाह फाइलीकडे वळविल्यास पहिली सुमारे ८२ सेकंदे फाइल कोरीच राहील. साठाव्या सेकंदाला आज्ञावली सक्तीने बंद केली, तर लिहिलेल्या साठही ओळी स्मृतीबरोबर नष्ट होतील. आज्ञावली सरळपणे संपल्यास बफर आपोआप रिकामा केला जातो, पण ती कोसळल्यास तसे होत नाही. म्हणजे नोंदींची गरज जेव्हा सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी शेवटच्या नोंदी हरवतात. फाइलीत दिसणारी शेवटची ओळ ही पार पडलेली शेवटची आज्ञा आहे, असे समजणारा शोधक बिघाडाच्या पुष्कळ अलीकडेच थांबतो.

दोन्ही प्रवाह एकाच फाइलीत घेतले, तर आणखी एक घोटाळा होतो. त्रुटिसंदेश तत्काळ उमटतात व बाकीच्या ओळी मागाहून येतात. त्यामुळे परिणाम आधी व कारण नंतर असा उलटा क्रम दिसतो. यावर उपाय म्हणजे महत्त्वाच्या नोंदीनंतर बफर रिकामा करण्याची स्पष्ट आज्ञा देणे किंवा बफरचा प्रकार बदलणे. आज्ञावलीला हात न लावता तो बदलण्यासाठी जीएनयू साधनसंचात २००९ मध्ये स्वतंत्र साधनही आले.

मध्यवर्ती नोंदव्यवस्था : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल आज्ञावलीसाठी १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी सिसलॉग ही व्यवस्था रचली. निरनिराळ्या आज्ञावल्यांनी नोंदी एका सेवकाकडे सोपवाव्यात व त्याने त्या योग्य जागी पोहोचवाव्यात, ही तिची कल्पना होती. नोंदींचे त्यांच्या गांभीर्यानुसार शून्य ते सात असे आठ स्तर करण्यात आले. सर्वांत गंभीर स्तर शून्य हा असून केवळ दोषशोधनासाठीच्या नोंदी सातव्या स्तरात येतात. दुसऱ्या संगणकाकडे नोंदी पाठविण्याचीही सोय झाली. मात्र त्यासाठी रूढ झालेल्या यूडीपी या संदेशवहन पद्धतीत पोच मिळत नाही. जाळ्यावर गर्दी झाली व संदेश गळाला, तर पाठविणारा व घेणारा या दोघांनाही ते कळत नाही. ही पद्धत २००१ मध्ये प्रथमच लेखी विनिर्देशात नोंदली गेली व २००९ मध्ये तिचे नवे विनिर्देश आले. पुढील वर्षी नोंदींना अंकीय सही व अनुक्रम जोडून गहाळ नोंदी ओळखण्याची पद्धतही प्रसिद्ध झाली. नोंदवहीने स्वतःमधील उणीव स्वतःच दाखवावी, हे तत्त्व येथे औपचारिकपणे मान्य झाले. व्यवहारात ते त्याआधीच दिसू लागले होते. एकच संदेश वारंवार आल्यास तो पुन्हापुन्हा न लिहिता किती वेळा आला तेवढे नमूद करण्याची सिसलॉगची रीत, त्याचप्रमाणे मर्यादेबाहेर नोंदी आल्यास त्यांतील किती दडपल्या हे सांगणारी लिनक्समधील पुढील काळातील जर्नल व्यवस्था ही त्याची उदाहरणे होत.

गाळण्यांची परंपरा : नोंदलेखनाचे स्वतंत्र संग्रह आल्यावर नोंद हरविण्याचे आणखी एक कारण निर्माण झाले. येथे नोंद चुकून गळत नाही, तर नियमानुसार गाळली जाते. जावा भाषेसाठी चेकी ग्युल्चू यांनी विकसित केलेल्या लॉगफोरजे या संग्रहाची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यात नोंद करणारा घटक आणि ती बाहेर पोहोचविणारा घटक वेगळे ठेवले होते. पोहोचविणारा घटक जोडलाच नसल्यास नोंदी कोठेच जात नसत. तसा इशारा आज्ञावली सुरू होताच एकदा येई व पुढे सर्व शांत असे.

जावा भाषेच्या २००२ मधील १·४ या आवृत्तीत स्वतःचा नोंदसंग्रह आला. त्यात दोन गाळण्या एकामागे एक असतात. एक नोंद करणाऱ्या घटकापाशी व दुसरी कन्सोलपाशी. कन्सोलची गाळणी मुळात ‘माहिती’ या स्तरावर बसविलेली असल्याने पहिली गाळणी कितीही सैल केली, तरी अधिक बारीक नोंदी दिसत नाहीत. पायथन भाषेत विनय साजिप यांनी रचलेला नोंदसंग्रह २००३ मध्ये २·३ या आवृत्तीबरोबर आला. त्याच्या मूळ घटकाचा स्तर ‘इशारा’ हा असल्याने साध्या माहितीच्या नोंदी मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय उमटत नाहीत. त्याची प्राथमिक मांडणी करणारी आज्ञा, मांडणी आधीच झालेली असल्यास, काहीही न करता मुकाट्याने परतते. एखाद्या दुसऱ्या संग्रहाने ती आधी केलेली असली, म्हणजे लेखकाची सूचना निष्फळ ठरते. ही आधीची मांडणी मोडून नवी लादण्याची सोय २०१९ मधील ३·८ या आवृत्तीत झाली.

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट कोअर या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रणालीच्या पुढील आवृत्त्यांत वेगळाच प्रकार दिसतो. तिच्या नेहमीच्या कन्सोल नोंदलेखकात नोंदी एका रांगेत लावल्या जातात व पार्श्वभूमीत चालणारा स्वतंत्र कार्यधागा त्या पडद्यावर लिहितो. दीर्घकाळ चालणाऱ्या सेवेत यामुळे वेळ वाचतो. पण क्षणभरात संपणारी लहान कन्सोल आज्ञावली रांग रिकामी होण्यापूर्वीच संपू शकते व तिच्याबरोबर तो धागाही तुटतो. संपण्यापूर्वी नोंदव्यवस्था रीतसर मिटविली, म्हणजे उरलेल्या नोंदी लिहिल्या जातात. जुन्या बफरचाच हा नवा अवतार होय.

जुन्या नियमाचे पुनरागमन : नोंदी फाइलीत न ठेवता प्रमाण निर्गत प्रवाहात सोडाव्यात व त्या जपण्याचे काम बाहेरच्या व्यवस्थेवर सोपवावे, असा विचार २०११ च्या सुमारास जालसेवांच्या क्षेत्रात मांडला गेला. डॉकर ही प्रणाली २०१३ मध्ये आल्यावर आज्ञावल्या बंदिस्त पात्रांत चालविण्याची पद्धत पसरली व हा विचार सर्वत्र रूढ झाला. परंतु अशा पात्रात आज्ञावलीसमोर बहुधा पडदा नसतो, पाइप असतो. त्यामुळे १९७० नंतरच्या दशकातील बफरचा नियम आपोआप लागू होतो आणि लेखकाच्या संगणकावर व्यवस्थित दिसणाऱ्या नोंदी तेथे उशिरा उमटतात वा उमटतच नाहीत. पायथन आज्ञावल्या पात्रात चालविताना बफर बंद करण्याची सूचना देण्याचा प्रघात यामुळेच पडला.

नोंदीच्या अभावाचे परिणाम : हा प्रश्न केवळ आज्ञावलीकारांच्या सोयीचा नाही. थेरॅक–२५ या प्रारण चिकित्सेच्या संगणकनियंत्रित यंत्रामुळे जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना अतिरिक्त मात्रा मिळाली व त्यांतील काही दगावले. टेक्सस राज्यातील टायलर येथे १९८६ मध्ये झालेल्या अपघातांच्या वेळी पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढाच संदेश आला. त्यावरून चालकाला काहीही अर्थबोध होत नव्हता. तेथील रुग्णालयाचे भौतिकीविज्ञ व यंत्राची चालक यांनी त्या दिवशीच्या हालचाली आठवून त्या पुन्हापुन्हा करून पाहिल्या, तेव्हा माहिती भरून ती फार वेगाने दुरुस्त केल्यास हा बिघाड होतो, असे आढळले. यंत्राने जे सांगावयास हवे होते, ते माणसाच्या बोटांच्या आठवणीतून काढावे लागले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेत, घटनांचा माग ठेवण्याची व्यवस्था आज्ञावलीच्या रचनेत प्रारंभापासूनच असावी, असा निष्कर्ष काढला.

सुरक्षेच्या दृष्टीनेही नोंदीचा अभाव बोलका असतो. ऑगस्ट १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांना संगणकवापराच्या दोन स्वतंत्र हिशेबांत ७५ सेंटांचा फरक आढळला. त्याचा मागोवा घेता एक घुसखोर उघडकीस आला. स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना मुद्रक जोडून त्याच्या सर्व हालचाली कागदावर घेतल्या. हे टिपण संगणकाच्या बाहेर असल्याने घुसखोराला ते दिसत नव्हते आणि पुसताही येत नव्हते. माग अखेर पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. याउलट, सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही मेघसेवांच्या सुरक्षाविषयक नोंदी, त्या गोळा करणाऱ्या अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे, दोन आठवड्यांहून अधिक काळ अपुऱ्या राहिल्या. त्या काळात काही अनिष्ट घडले की नाही, हे ग्राहकांना त्या नोंदींवरून पूर्णपणे ठरविता येणे शक्य नव्हते. भारतात संगणकीय आणीबाणीविषयक राष्ट्रीय संस्था सर्ट–इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांनुसार सेवा पुरविणाऱ्या संस्था, कंपन्या व शासकीय कार्यालये यांना आपल्या संगणकव्यवस्थांच्या नोंदी मागील १८० दिवसांपर्यंतच्या जपून ठेवणे बंधनकारक करण्यात आले. अर्थात जी नोंद उमटलीच नाही, ती जपता येत नाही.

शोधाचा क्रम : वरील इतिहासावरून लुप्त नोंदींच्या शोधाचा क्रम निश्चित करता येतो. आज्ञावली नोंदीच्या ओळीपर्यंत पोहोचते की नाही, हे प्रथम पहावे. त्यासाठी नोंदसंग्रह टाळून एक साधी ओळ थेट त्रुटिप्रवाहात लिहावी. ती दिसली व नोंद दिसली नाही, तर दोष वाटेत आहे, हे सिद्ध होते. त्यानंतर सर्व गाळण्यांचे स्तर, नोंद पोहोचविणारा घटक जोडलेला आहे की नाही आणि मांडणीची फाइल खरोखर वाचली जाते की नाही, हे तपासावे. मग नोंद दोहोंपैकी कोणत्या प्रवाहात जाते, बफर व रांग संपण्यापूर्वी रिकामे होतात का आणि शेवटी मजकूर वाहून नेणारी बाहेरची व्यवस्था तो गाळते का, हे पहावे. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा नोंद दिसू लागली, तरी ती कशामुळे दिसू लागली हे कळत नाही.

जहाजाच्या वहीत काही विशेष घडले नसले, तरी ठरलेल्या वेळी नोंद होत असे. त्यामुळे कोरी जागा लगेच लक्षात येई. संगणकीय नोंदवहीतही काम सुरू झाल्याची, ते सुरळीत चालू असल्याची व ते संपल्याची नोंद नियमाने होत असेल आणि नोंदींना अनुक्रम असेल, तर खंड पडताच तो दिसतो. नोंद नसणे यालाही पुराव्याचे मोल तेव्हाच येते.